कायदेविषयक सल्ला : फिशमीलच्या वासाविरुद्ध दाद कुठे मागायची?

प्रश्न : आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठी आहे. वाडीपासून पाऊण किलोमीटरवर फिशमीलचा (मासळीच्या भुकटीचा) कारखाना आहे. दिवाळीनंतर तिथे नवा ड्रायर बसला आणि तेव्हापासून रात्री दहानंतर असा वास सुटतो की दारं-खिडक्या लावूनही झोप लागत नाही. आईला दमा आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार केली. अधिकारी दुपारी आले आणि 'पाहणीच्या वेळी वास आढळला नाही' असं लिहून गेले. ग्रामपंचायत म्हणते, ना-हरकत दाखला आधीच दिलाय. मालक म्हणतात, खाडीकाठी राहून मासळीच्या वासाची तक्रार कसली करता? फेसबुकवर लिहिलं तर अब्रुनुकसानीचा दावा लावू, असंही सांगितलं. वाडीतली काही मुलं तिथे कामाला आहेत, त्यामुळे कारखाना बंद पडावा असं आम्हाला वाटत नाही. काय करता येईल?

उत्तर : कारखाना बंद पडायला नको, हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. मागणी काय करायची ते त्यावरूनच ठरतं. 'कारखाना हटवा' असा अर्ज गेला की मालक, कामगार आणि निम्मी वाडी तुमच्या विरोधात उभी राहील. 'ड्रायरची वाफ प्रक्रिया केल्याशिवाय हवेत सोडू नका' असा अर्ज केला तर त्याला नाही म्हणणं कुणालाही अवघड जाईल.

वास कुठून येतो ते आधी समजून घ्या, म्हणजे अर्जात नेमकं लिहिता येईल. फिशमीलसाठी मासळी वाफेवर शिजवतात, दाबून तेल-पाणी काढतात आणि उरलेला चोथा ड्रायरमध्ये वाळवतात. कुकर आणि ड्रायरच्या वाफेत ट्रायमिथाइल अमाइन, हायड्रोजन सल्फाइड असे वायू असतात. ते अगदी थोडे असले तरी नाकाला लगेच कळतात. मासळी बर्फाविना पडून राहिलेली असेल तर वास कितीतरी वाढतो. यावरचे उपाय नवे नाहीत : वाफ कंडेन्सरमध्ये थंड करायची, उरलेला वायू स्क्रबरमध्ये धुवायचा किंवा बॉयलरच्या भट्टीत नेऊन जाळायचा. पण स्क्रबरला वीज आणि रसायन लागतं, आणि तो रात्री बंद ठेवला तर पैसे वाचतात. तुमच्याकडे तसंच होतंय असं मी इथे बसून म्हणणार नाही. मात्र ते तपासता येतं, तेही कागदावरून.

हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९८१ च्या कलम २१ प्रमाणे असा कारखाना मंडळाच्या संमतीपत्राशिवाय चालवता येत नाही. माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून त्या संमतीपत्राची आणि अटींच्या सगळ्या परिशिष्टांची प्रत मागा. मंडळाच्या संकेतस्थळावरही पुष्कळ संमतीपत्रं मिळतात. आपल्याकडच्या संमतीपत्रांत एक अट बहुधा असते : प्रदूषण नियंत्रण यंत्रणेला वेगळं वीज मीटर बसवायचं आणि वापरलेल्या रसायनांची नोंदवही ठेवायची. ही अट तुमच्या कारखान्याला असेल तर मंडळाला लेखी कळवा की पुढच्या पाहणीत मीटरचं रीडिंग आणि नोंदवही तपासून अहवालात उतरवावी. स्क्रबर रोज रात्रभर चालत असेल तर मीटरवर तेवढे युनिट पडलेले दिसले पाहिजेत. शिवाय, वाढीव क्षमतेसाठी सुधारित संमती घेतली का, हेही विचारा. नवा ड्रायर जुन्याच संमतीपत्रावर चालत असेल आणि उत्पादन मंजूर आकड्याच्या वर गेलं असेल, तर वास किती येतो हा वाद घालायची गरजच उरत नाही.

हे मुद्दाम सांगतो, कारण वासाची मर्यादा आकड्यात ठरवून देणारं बंधनकारक मानक आपल्या देशात नाही. केंद्रीय मंडळाने २००८ मध्ये दुर्गंधीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, पण त्या सूचनाच आहेत. २००९ च्या राष्ट्रीय हवा गुणवत्ता मानकांत अमोनिया आहे, चोवीस तासांसाठी घनमीटरला ४०० मायक्रोग्रॅम, पण त्या यादीत हायड्रोजन सल्फाइड नाही. म्हणून 'सगळे घटक मर्यादेत आहेत' असं उत्तर मिळालं तरी तुमची तक्रार त्याने निकालात निघत नाही. आकड्यांच्या मागे लागू नका, संमतीपत्रातल्या अटी धरून ठेवा.

दुसरं काम आजपासूनच सुरू करा. एक वही घाला : तारीख, वास सुरू झाला ती वेळ, थांबला ती वेळ, वारा कुठून होता, कोणत्या घरांत आला, आणि खाली त्या रात्री जागे असलेल्या दोघा-तिघांच्या सह्या. ज्या रात्री वास आला नाही ती रात्रही लिहा. १ जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी लागते आणि ताज्या मासळीची आवक थांबते. त्या दोन महिन्यांत वास नाही आणि ऑगस्टमध्ये बोटी सुटल्यावर पुन्हा आहे, असं वहीत दिसलं तर वास कुठला, हा प्रश्न कुणी विचारणार नाही. वास सुटला की त्याच वेळी मंडळाच्या क्षेत्र अधिकाऱ्याला मेसेज आणि ईमेल करा, आणि रात्रीच्या संयुक्त पाहणीची लेखी मागणी करा. पाहणीला आलेल्यांबरोबर कुंपणाबाहेरून चाला आणि पंचनाम्यात तुमचं म्हणणं लिहून घ्या. परवानगीशिवाय कारखान्यात पाऊल ठेवू नका, आणि रास्ता रोको तर नकोच. ते गुन्हे तुमच्याच अंगावर येतील.

मालकांच्या टोमण्यात कायद्याचा एक मुद्दा आहे, तो झटकून टाकू नका. उपद्रव ठरवताना न्यायालय त्या परिसरातल्या साध्या माणसाला काय सोसतं ते पाहतं. म्हणून तुमचे सगळ्यात चांगले साक्षीदार मुंबईहून सुट्टीला आलेले पाहुणे नव्हेत, तर रोज मासळी विकणाऱ्या आणि वाळवणाऱ्या बायका. सुक्या बोंबलाच्या वासात आयुष्य काढलेली बाई प्रतिज्ञापत्रावर सांगते की हा वास वेगळा आहे, पोटात ढवळतं, तेव्हा मालकांना बोलायला जागा राहत नाही.

वही साधारण महिनाभराची झाली की प्रांताधिकाऱ्यांकडे जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ चं कलम १५२ (पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३) उपविभागीय दंडाधिकाऱ्याला, म्हणजे प्रांताधिकाऱ्यांना, अधिकार देतं की समाजाच्या आरोग्याला किंवा शारीरिक स्वास्थ्याला बाधक असलेला धंदा थांबवावा, हलवावा किंवा सांगितलेल्या रीतीनं चालवायला लावावा. यातला 'किंवा' तुमच्या कामाचा आहे. कोणी आजारी पडलंय हे सिद्ध करावं लागत नाही, रात्रीची झोप उडणं पुरेसं आहे. मात्र त्रास एका घराचा दिसता कामा नये, म्हणून अर्जावर वाडीतल्या बऱ्याच घरांच्या सह्या हव्यात. कारखान्यात काम करणाऱ्यांच्या घरातलं कुणी सही करायला तयार असेल तर फारच चांगलं, पण त्यांच्यावर जोर करू नका. दंडाधिकारी आधी सशर्त आदेश काढतात, मालकांचं ऐकतात, पुरावा घेतात आणि मग आदेश कायम करतात. कलम १५८ खाली ते तज्ज्ञाकडूनही तपासणी करवून घेऊ शकतात.

'हा विषय प्रदूषण मंडळाचा आहे, आमचा नाही' असं तिथे ऐकायला मिळण्याची शक्यता मोठी आहे. त्यासाठी दोन निकाल अर्जाला जोडा. केडिया लेदर प्रकरणात (२००३) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हवा आणि पाणी अधिनियम आले म्हणून कलम १३३ संपलेलं नाही. आणि रतलाम नगरपालिकेचा १९८० चा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचा निकाल. तिथे रहिवासी उघड्या गटारांच्या आणि अल्कोहोल कारखान्याच्या दुर्गंधीयुक्त सांडपाण्याच्या त्रासाने दंडाधिकाऱ्याकडे गेले होते. नगरपालिकेने पैसे नसल्याचं कारण दिलं, न्यायालयाने ते मानलं नाही.

ग्रामपंचायतीच्या दाखल्याने वास पसरवायचा हक्क मिळत नाही. रोजगाराचंही तसंच : सार्वजनिक उपद्रवाने काही सोय किंवा फायदा होतो म्हणून तो क्षम्य ठरत नाही, असं भारतीय न्याय संहितेचं कलम २७० सरळ सांगतं. अब्रुनुकसानीची धास्ती घेऊ नका. अधिकार असलेल्या कार्यालयाकडे सद्भावनेनं केलेली तक्रार कलम ३५६ च्या अपवादात बसते. फेसबुकवर मात्र 'विषारी वायू', 'लाच खाल्ली' असले शब्द नकोत. लिहायचंच असेल तर तारीख, वेळ आणि काय अनुभवलं एवढंच लिहा.

मंडळ हलेना तर हवा अधिनियमाच्या कलम ४३ खाली ६० दिवसांची नोटीस देऊन कोणीही नागरिक न्यायालयात तक्रार करू शकतो. पण बरेचसे भंग आता फौजदारी गुन्हा न राहता १० हजार ते १५ लाख रुपयांच्या आर्थिक दंडाचे झाल्यामुळे, तुमच्या बाबतीत पुण्याचं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण (पर्यावरणाचे वाद ऐकणारं) मला अधिक उपयोगी वाटतं. तिथे वकिलाशिवाय स्वतः उभं राहता येतं. मुदत मात्र कडक आहे : न्यायाधिकरणाच्या अधिनियमातल्या कलम १४ चा अर्ज वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो, फार तर आणखी ६० दिवस मिळतात. भरपाई मागायची तर पाच वर्षं आहेत, त्यासाठी आईंच्या औषधपाण्याचे कागद तारखेवार लावून ठेवा. नवा ड्रायर कोणत्या दिवशी सुरू झाला हे अजून कागदावर आलेलं नाही. माहिती अधिकाराच्या अर्जात तो प्रश्न पहिला घाला आणि अर्ज याच आठवड्यात टाका.