'वेव्हडॅश'ला 'लाटधाव' म्हणावं का?

प्रश्न असा आहे: 'सुपर स्मॅश ब्रदर्स मेली' या लढाईच्या व्हिडिओ गेमबद्दल मराठीत लिहिताना त्यातल्या 'वेव्हडॅश' या हालचालीसाठी 'लाटधाव' हा शब्द चालेल का? आणि त्याला 'ग्लिच', म्हणजे खेळातला बिघाड, म्हणणं बरोबर आहे का?

'लाटधाव' कानाला छान लागतो, तरी मी तो वापरणार नाही. कारण या हालचालीत धाव नाहीच.

उडीचं बटण दाबलं की पात्र लगेच हवेत जात नाही, आधी गुडघे वाकवतं. मेली सेकंदाला ६० फ्रेमने, म्हणजे ६० चित्रांनी, चालतो. गुडघे वाकवायला त्यातल्या ३ फ्रेम फॉक्स या पात्राला लागतात, तर बाउझरला ८. पाय सुटले रे सुटले की एअरडॉज, म्हणजे हवेत वार चुकवायची झेप, तिरका, जमिनीच्या दिशेने मारायचा. पात्र तिथल्या तिथे टेकतं आणि त्या झोकाने उभ्या उभ्या सरकतं. टेकल्यानंतरच्या १० फ्रेम गेल्या की सरकणं चालू असतानाच हवा तो हल्ला करता येतो, कारण खेळाच्या हिशेबी ते पात्र उभं असतं. तोंड प्रतिस्पर्ध्याकडे ठेवून मागेही जाता येतं. उलट 'डॅश' ही मेलीत वेगळी अवस्था आहे आणि त्यात जॅब किंवा टिल्ट हे उभ्याने करायचे साधे हल्ले मारता येत नाहीत. वेव्हडॅश शिकायचा तो नेमका ही अडचण टाळायला. नावातच 'धाव' घातली तर नवशिक्याला उलटाच अर्थ कळेल. लुइजीची जमिनीवरची पकड सगळ्यांत कमी, म्हणून त्याचा वेव्हडॅश सगळ्यांत लांब जातो. धावण्याचा वेग इथे कामाचाच नाही.

'लाट' टेक्केन या दुसऱ्या लढाईच्या गेममध्ये मात्र शोभेल. तिथेही वेव्हडॅश आहे, पण वेगळा: काझुया, हेहाची हे मिशिमा घराण्यातले लढवय्ये वाकून पुढे झेपावतात, ती हालचाल मध्येच तोडून पुन्हा करतात, आणि शरीर खरोखर खाली-वर होत पुढे जातं. एकाच नावाच्या दोन गोष्टी असल्याने लिहिताना खेळाचं नाव जरूर द्यावं.

ग्लिच म्हणू नये. एअरडॉजला दिशा देता येते आणि झोक जमिनीवर टिकतो, हे दोन्ही नियम खेळाचेच आहेत. मेली २००१चा, तो घडवतानाच ही हालचाल लक्षात आली होती, असं दिग्दर्शक मासाहिरो साकुराई यांनी पुढे मुलाखतीत सांगितलं आहे. याच मालिकेतल्या २००८च्या 'ब्रॉल'मध्ये एअरडॉजची दिशा काढून टाकली, तेव्हा वेव्हडॅशही गेला. २०१८च्या 'अल्टिमेट'मध्ये दिशा परत आली, पण टेकल्यावर पात्र इतका वेळ अडकतं की फायदा फारसा उरत नाही.

मग लिहायचं कसं? नाम 'वेव्हडॅश' तसंच ठेवावं, पुल्लिंगी, आणि क्रियापदं आपली घ्यावीत: 'त्याने वेव्हडॅश मारला आणि मागे सरकला.' 'घसरला' नको. मराठीत घसरणं नकळत होतं, पाय घसरतो तसं. प्लॅटफॉर्मवर उतरताना हेच केलं की त्याला वेव्हलँड म्हणतात, तिथेही 'सरकत उतरला' पुरेसं आहे. डॅशडान्ससाठी मात्र, म्हणजे झपाट्याने पुढे-मागे करून समोरच्याला फसवण्यासाठी, आपल्याकडे कबड्डी-खोखोत मुरलेला शब्द तयार आहे: हुलकावणी. 'फॉक्सने हुलकावणी दिली, मार्थचा वार हुकला', यात काही समजावून सांगावं लागत नाही.