वाचकांचे प्रश्न : डिझेल गाडी एअर धरते, तेव्हा ती येते कुठून?

प्रश्न : माझी डिझेल गाडी दिवसभर कसलाही त्रास देत नाही, परंतु रात्रभर उभी राहिली की सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागतो. कधी ती लगेच चालू होते, काही सेकंदांत बंद पडते आणि मग हँड पंप (डिझेल हाताने पुढे ढकलण्याचा छोटा पंप) दाबल्याखेरीज दाद देत नाही. मेकॅनिकने एकापेक्षा अधिक वेळा एअर, म्हणजे डिझेलच्या पाइपात शिरलेली हवा, काढून दिली, डिझेल फिल्टरही नवा बसवला. तरीही तक्रार कायम आहे. गाडीखाली डिझेलचा थेंबसुद्धा दिसत नाही. मग हवा शिरते कुठून?

उत्तर : हँड पंप दाबल्यावर गाडी चालू होते, या एका गोष्टीवरूनच इंजिन बहुधा ठीक आहे आणि रात्रीतून डिझेल टाकीकडे परत उतरत आहे, असे दिसते. हवेला वर कुठेतरी वाट मिळाल्याशिवाय डिझेल असे खाली उतरू शकत नाही. ती वाट बुजवेपर्यंत एअर कितीही वेळा काढली, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी परिस्थिती तीच राहणार.

थेंब दिसत नाही, म्हणून गळती नाही असे मात्र समजू नये. ज्या गाड्यांत टाकीत पंप नसतो, त्यांत इंजिनाकडचा पंप डिझेल ओढून घेतो, त्यामुळे टाकीपासून पंपापर्यंतच्या पाइपातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. अशा ठिकाणी फट असली, तर डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत ओढली जाते. टाकीतच पंप असलेल्या गाड्यांत याउलट घडते : गाडी चालू असताना सांधा ओलसर होतो आणि बंद केल्यावर त्याच सांध्यातून हवा आत शिरते.

प्रथम सकाळी सेल्फ मारताना सायलेन्सरकडे कोणाला तरी लक्ष ठेवायला सांगावे. डिझेलच्या वासाचा पांढरा धूर येत असेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचत आहे, पण पेटत नाही. तेव्हा आधी ग्लो प्लग (थंड इंजिन चालू करताना सिलिंडर तापवणारे भाग) तपासावेत. धूर अजिबात येत नसेल, तर डिझेलच पोहोचत नाही आणि हवेचा संशय पक्का होतो.

त्यानंतर फिल्टर आणि पंप यांच्या मध्ये, मूळ पाइपाच्याच मापाचा, डिझेल सोसणारा पारदर्शक नळीचा तुकडा तात्पुरता बसवावा. रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी सेल्फ मारण्यापूर्वीच नळी पाहावी. त्यात हवेची लांब पोकळी दिसली, तर डिझेल उतरल्याचा तो पुरावाच आहे. मग हाच तुकडा फिल्टरच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला बसवून गाडी चालू करावी. अलीकडे बुडबुडे नाहीत आणि पलीकडे आहेत, असे आढळल्यास दोष फिल्टरच्या बैठकीत आहे. अलीकडेही असतील, तर टाकीपर्यंतचा पाइप, त्याचे सांधे आणि क्लिपा तपासाव्या लागतील.

आपल्या गाडीत माझा पहिला संशय फिल्टरच्या बैठकीवर आहे, कारण फिल्टर नवा घातला तरी ओ-रिंग (सांधा हवाबंद ठेवणारी रबरी कडी) जुनीच राहण्याचा प्रकार फार आढळतो. जुनी ओ-रिंग बोटांत धरून पाहावी : तिचा गोल छेद एका बाजूने चपटा झाला असेल आणि ती दाबल्यावर पूर्ववत होत नसेल, तर ती निकामी आहे. कधी जुनी रिंग झाकणालाच चिकटून राहते आणि तिच्यावर नवी बसवली जाते. नवी रिंग डिझेलमध्ये बुडवूनच बसवावी, कारण कोरडी रिंग झाकण आवळताना पीळ खाते. ती नायट्राइल किंवा व्हायटॉनची असावी. ब्रेकच्या कामासाठी वापरले जाणारे ईपीडीएम रबर डिझेलमध्ये फुगते. फिल्टरखालचा पाणी काढण्याचा स्क्रू आणि त्याचा वॉशर हेही याच वेळी पाहावेत.

येथे सर्व ठीक निघाले, तर हँड पंपातील झडप आणि इंजेक्टरांवरच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागांवरच्या) बारीक रिटर्न नळ्या, म्हणजे उरलेले डिझेल परत नेणाऱ्या नळ्या, उरतात. या नळ्या इंजिनाच्या उष्णतेने कडक होऊन टोकाशी चिरतात आणि डिझेल त्या मार्गानेही परत उतरते. तरीही उलगडा न झाल्यास स्वच्छ डिझेलचा कॅन थेट पंपाला जोडून पाहावा, परंतु कॅन पंपापेक्षा खालीच ठेवावा. तो उंचावर टांगला, तर डिझेल आपोआप खाली येते, हवा आत ओढलीच जात नाही आणि पंपाच्या सांध्यातील दोष झाकला जातो.

प्रश्न : माझी गाडी कॉमन रेल (सर्व इंजेक्टरांना एकाच सामाईक नळीतून मोठ्या दाबाने डिझेल देणारी) आहे. इंजेक्टरांचे नट सैल करून एअर काढावी का?

उत्तर : कृपया तसे करू नये. इंजेक्टरांकडे जाणाऱ्या पाइपांत 1000 बारपेक्षा कितीतरी अधिक दाब निर्माण होऊ शकतो आणि त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसते, दुखतही नाही, तरीही तातडीने शस्त्रक्रियेची गरज असते. तेव्हा अशा वेळी वाट न पाहता रुग्णालय गाठावे. फिल्टरपर्यंतची बाजू हँड पंपाने भरावी किंवा, टाकीत पंप असल्यास, चावी अनेकदा चालू-बंद करून भरावी. पुढची हवा रिटर्नमार्गे आपोआप निघून जाते. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा अधिक मारू नये आणि मध्ये थोडी विश्रांती द्यावी. येथे प्रश्न केवळ बॅटरीचा नाही : कॉमन रेलला दाब देणाऱ्या पंपाचे वंगण म्हणजे डिझेलच असते. तो कोरडा फिरला, तर धातूचा कीस सुटतो, इंजेक्टरांत जातो आणि साध्या ओ-रिंगच्या दोषाचे रूपांतर संपूर्ण यंत्रणा बदलण्यात होते.

प्रश्न : फिल्टर बदलल्यावर पारदर्शक नळीत बारीक बुडबुडे दिसतात. चिंता करावी का?

उत्तर : थोडा वेळ गाडी चालवल्यावर ते नाहीसे होत असतील, तर नाही. बुडबुडे सतत येत असतील आणि अॅक्सिलरेटर दाबताच वाढत असतील, तर फिल्टरची बैठक पुन्हा उघडून पाहावी.