भुताशीही घासाघीस करणारा नट

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. 'ट्वायलाइट झोन' या अघटित गोष्टींच्या जुन्या अमेरिकी टीव्ही मालिकेतले जॅक क्लगमन या नटाचे दोन भाग पाहिलेस, दोन्हींचा शेवट आधीच ओळखलास आणि वर मला विचारलंस, की काका, या माणसात तुम्हाला एवढं दिसतं तरी काय? दिसायला तर पोस्टाच्या खिडकीमागच्या कारकुनासारखा. कारकुनाचं अगदी बरोबर आहे. शेवट ओळखल्याची मात्र फुशारकी नको. साठ वर्षांत त्या शेवटांच्या इतक्या नकला झाल्यात, की आता ते कुणालाही आधीच कळतात. शेवट माहीत असूनही माणूस तोच भाग चौथ्यांदा का बघतो, हे सांगायला बसलोय. लांबलं तर सांभाळून घे.

मालिका सीबीएस वाहिनीवर ऑक्टोबर १९५९ ते जून १९६४ चालली. एकूण १५६ भाग, दर आठवड्याला नवी गोष्ट, नवी माणसं. कर्ताकरविता रॉड सर्लिंग, त्यातले ९२ भाग त्यानंच लिहिले. हा दुसऱ्या महायुद्धात पॅराशूट घेऊन उड्या मारलेला गडी. टीव्हीवर साधी सामाजिक नाटकं लिहायचा तेव्हा वंशद्वेषाचा विषय आला रे आला की जाहिरातदार कात्री घेऊन बसायचे. तेच भुताच्या किंवा परग्रहावरच्या माणसाच्या तोंडी घातलं की कुणाची हरकत नसे. म्हणून तो तिकडे वळला.

आता नटाच्या बाजूनं विचार कर. जाहिराती वजा जाता हातात पंचवीस मिनिटं. प्रेक्षकानं तुला मागच्या आठवड्यात पाहिलेलं नाही, पुढच्या आठवड्यात तू असणार नाहीस. सहाव्या-सातव्या मिनिटाला काहीतरी अघटित घडणार. त्याच्या आत हा माणूस कोण, त्याचं भाडं थकलंय का, रात्री त्याला झोप लागते का, हे सगळं समोरच्याला कळलं पाहिजे. ते नाही कळलं, तर भूत आलं काय आणि गेलं काय, कुणाला सोयरसुतक? देखणा नायक इथं बऱ्याचदा तोकडा पडतो, कारण त्याचं काही वाईट होईल यावर आपला विश्वासच बसत नाही. सर्लिंगनं चरित्र अभिनेत्यांवर मदार ठेवली ती म्हणूनच. बर्जेस मेरेडिथ आणि क्लगमन, दोघांनी चार-चार भागांत मुख्य भूमिका केल्या. मेरेडिथ पहिल्या फटक्यात आवडतो. तो चष्मा फुटलेला पुस्तकवेडा विसरणं शक्यच नाही. क्लगमन उशिरा चढतो.

तो फिलाडेल्फियाचा, जन्म १९२२चा. आई-वडील रशियातून आलेले ज्यू, वडील घरं रंगवायचे. तू 'एक रुका हुआ फैसला' पाहिलायस ना? तो ज्यावरून घेतला त्या '१२ अँग्री मेन'मध्ये (१९५७) खुनाच्या खटल्याचा निकाल ठरवायला बसलेल्या बारा नागरिकांपैकी, म्हणजे ज्यूररांपैकी, क्लगमन पाच नंबरचा आहे. झोपडपट्टीत वाढलेला, कुणी त्या वस्तीबद्दल वाकडं बोललं की आतल्या आत आक्रसणारा. बराच वेळ त्याच्या वाट्याला बसून राहण्यापलीकडे फारसं काही नाही. मग खुनातल्या खटक्याच्या चाकूचा प्रश्न निघतो आणि तो म्हणतो, असा चाकू वापरणारा माणूस कधी वरून खाली मारणार नाही, खालून वर मारेल. ते दाखवायला तो चाकू हातात घेतो. त्या वेळी त्याच्या चेहऱ्याकडे बघ. चाकू हातात सराईतपणे बसतो, आणि तो तसा बसतो याचीच त्याला लाज वाटते. ही लाज संवादात कुठेही लिहिलेली नाही.

आता मुद्द्यावर येतो. भुताटकीच्या गोष्टीत नट काय करतो? डोळे मोठे करतो, दोन पावलं मागे सरतो, किंचाळतो. क्लगमनची माणसं यातलं फार थोडं करतात. समोर देवदूत येवो, मेलेला खेळाडू येवो, स्वतःचं प्रेत येवो, ती वाद घालतात, सौदा करायला बघतात. आयुष्यभर ज्याला प्रत्येक गोष्टीसाठी हुज्जत घालावी लागली, तो माणूस परलोकाच्या दारातही हुज्जतच घालणार. हे एकदा लक्षात आलं की चारही भाग एका माळेत ओवले जातात.

'अ पॅसेज फॉर ट्रम्पेट' (१९६०) घे. जोई क्राउन, ट्रम्पेट वाजवणारा, दारूपायी वाया गेलेला. क्लबच्या मागच्या बोळात उभा राहून आतलं संगीत ऐकतो. पूर्वी काम देणारा भेटतो, विचारतो, पितोस का? त्यावर जोईचं एक लांबलचक भाषण आहे: कळकट भिंतींची खोली, बायको-पोर नाही, लोकांशी धड बोलता येत नाही, अर्धी भाषा त्या वाद्यात अडकलेली. हे भाषण दुसऱ्या एखाद्यानं रडून म्हटलं असतं. क्लगमन ते हिशेब सांगितल्यासारखं म्हणतो, रेशनच्या यादीतल्या वस्तू मोजाव्यात तसं. दया मागत नाही, त्यामुळे आपल्याला ती द्यावीशी वाटते. पुढे ट्रम्पेट विकतो, ट्रकसमोर पाऊल टाकतो, आणि मग तो कुणाला दिसेनासा होतो. हा तुकडा पुन्हा बघ. आधी तो वैतागतो, लोक शिष्टपणा करतायत असं समजून. मग थट्टेवारी नेतो. आरशात आपण नाही हे कळल्यावर कुठे भीतीचा नंबर लागतो, तोही तिसरा. तू तुझ्या एकांकिकेतल्या भुताच्या प्रवेशात भीती पहिल्या वाक्यापासून आणतेस आणि मग तुला पुढे जायला जागाच राहत नाही.

शेवटी त्याच बोळात गेब्रिएल हा देवदूत भेटतो. जॉन अँडरसननं तो फार छान केलाय, उंच, निवांत. तो वाजवत असतो आणि जोई ऐकत असतो. क्लगमनचं ऐकणं हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. (नंतरचा गच्चीवरच्या मुलीचा प्रसंग मला घाईत उरकल्यासारखा वाटतो. तुला आवडला असेल तर वाद नाही.)

'अ गेम ऑफ पूल' (१९६१) हा माझा सगळ्यात लाडका. एक खोली, एक टेबल, दोन माणसं. जेसी कार्डिफ शिकागोतला पूल (बिलियर्ड्ससारखा टेबलावरचा खेळ) खेळणारा. आपण सगळ्यांत श्रेष्ठ, पण फॅट्स ब्राउन नावाच्या दिवंगत खेळाडूमुळे कुणी तसं म्हणत नाही, हे त्याचं दुखणं. मेलेला फॅट्स येतो आणि डाव मांडतो: तीनशे गुण, हरलास तर प्राण. फॅट्स झालाय जोनाथन विंटर्स, जो विनोदवीर म्हणून गाजलेला. त्याचा पिंड ऐन वेळी सुचेल ते करण्याचा, इथे मात्र तो डोंगरासारखा शांत उभा आहे. क्लगमन सतत हलता. ही जोडी रंगमंचावर कशी दिसेल याची कल्पना कर.

हा भाग एकदा आवाज बंद करून बघ. जेसी एकटा असताना कसा वाकून नेम धरतो आणि फॅट्स बघत असताना कसा धरतो, यातला फरक खांद्यांत आहे. फॅट्स त्याला सांगतो, अरे बाबा, या खोलीबाहेर पण जग आहे, मी ते पाहिलं, तू काय पाहिलंस? त्या वेळी क्लगमन काही बोलत नसेल तेव्हा त्याच्यावर नजर ठेव. बोचलेलं लपवायला तो लगेच दुप्पट आवाजात बोलायला लागतो, आणि आवाज चढायच्या आधी अर्धा क्षण त्याचं तोंड उघडं राहतं. जिंकतो शेवटी. जिंकल्यावर कळतं की आता मेल्यानंतरही प्रत्येक आव्हानवीरासाठी कुठल्या कुठल्या गावच्या पूल हॉलमध्ये हजर व्हावं लागणार.

लेखक जॉर्ज क्लेटन जॉन्सननं मुळात शेवट उलटा लिहिला होता. जेसी हरतो, आणि फॅट्स त्याला मारतही नाही. दुय्यम माणसं मरतात तसा तू मरशील, विसरला जाशील, एवढंच सुनावतो. १९८९मध्ये नव्या 'ट्वायलाइट झोन'मध्ये तो शेवट वापरला गेला. कागदावर मला तोच जास्त आवडतो. पण क्लगमनचा जेसी पाहिल्यावर १९६१च्या भागातला, जिंकण्याचाच शेवट बरोबर वाटतो, कारण हा माणूस हरण्यासाठी जन्मलाय हे त्याच्या चेहऱ्यावरच लिहिलेलं आहे. त्याला हरवण्यात नवल काय राहिलं असतं?

'डेथ शिप' (१९६३) तुला कंटाळवाणा वाटेल. चौथ्या पर्वात भाग तासाभराचे केले आणि मधे बरेच सैल पडले, हाही त्यातलाच. गोष्ट रिचर्ड मॅथेसनची. तिघांचं यान परग्रहावर उतरतं, समोर हुबेहूब तसंच यान कोसळून पडलेलं, आत यांचीच प्रेतं. दोघांना हळूहळू उमगतं की आपण मेलोय. त्यांना आपापली माणसं भेटतात, एकाला तर वारलेली बायको आणि मुलगी. कॅप्टन रॉस म्हणजे क्लगमन मात्र ऐकत नाही. आधी म्हणतो, काळाची काहीतरी गफलत आहे. मग म्हणतो, परग्रहवासी आपल्याला भुलवतायत. पुन्हा तपासू, पुन्हा पुन्हा तपासू. जोईला स्वतःबद्दल कसलीच खात्री नव्हती, याला नको तितकी आहे, पण नट तोच आणि आवाजातली करवतही तीच. एक बारकावा तुझ्या नजरेतून सुटला असता म्हणून सांगतो. इतर दोघांना घर दिसतं, कॅप्टनला कुणीच भेटायला येत नाही. लेखकानं त्याचं कारण दिलेलं नाही. क्लगमननं दिलंय, आणि तेही सहकाऱ्यावर ओरडता ओरडता. जायला जागा नसलेला माणूस हुकमांना चिकटून बसतो.

आणि 'इन प्रेझ ऑफ पिप'. सप्टेंबर १९६३चा भाग, पाचव्या पर्वाचा पहिला. मॅक्स फिलिप्स हा किरकोळ बुकी, दुसऱ्यासाठी सट्टा घेणारा. त्याचा मुलगा पिप सैन्यात, दक्षिण व्हिएतनाममध्ये जखमी होऊन मरणपंथाला लागलेला. तिथं म्हणे युद्धच नाही आणि माझा मुलगा तिथं मरतोय, असं मॅक्स म्हणतो. तारीख लक्षात घे. अमेरिकी सैनिक तेव्हा कागदोपत्री सल्लागार होते, घराघरांत त्या देशाचं नाव पोचायला अजून अवकाश होता. गोळी लागलेला मॅक्स बंद झालेल्या करमणूक-बागेत पोचतो आणि तिथं त्याला दहा वर्षांचा पिप भेटतो. बिल मूमी हा पोरगा आहे. आरसेमहालात मुलगा हरवतो आणि मॅक्स देवाकडे मागणं मागतो, त्याच्याऐवजी मला ने.

लिखाण इथं भाबडं होतं, मी ते झाकणार नाही. पण मागणं कसं मागतो ते ऐक. भक्तासारखं नाही, बुकीसारखं. माझ्याकडे एवढंच आहे, हे घे आणि ते सोड. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पैशावर भाव ठरवलेला माणूस पहिल्यांदा स्वतःचं काहीतरी लावतोय. क्लगमनला खऱ्या आयुष्यातही घोड्यांचा नाद होता बरं का. १९८०च्या केंटकी डर्बी या घोड्यांच्या शर्यतीत त्याच्या मालकीचा घोडा तिसरा आला होता. ते जग त्याला ऐकीव नव्हतं.

बाकीची कारकीर्द सहज वाचायला मिळेल. 'द ऑड कपल' मालिकेसाठी दोन एमी (अमेरिकी टीव्हीचे पुरस्कार), त्याआधी 'द डिफेंडर्स'साठी एक, मग 'क्विन्सी'. १९८९मध्ये घशाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत एक स्वरतंतू गेला. आवाज हेच ज्याचं भांडवल, त्यानं मेहनत करून घोगरं, पुटपुटतं बोलणं कमावलं आणि 'द ऑड कपल'मधला जुना जोडीदार टोनी रँडलबरोबर पुन्हा रंगमंचावर उभा राहिला. २०१२च्या डिसेंबरात गेला, '१२ अँग्री मेन'मधल्या बारा ज्यूररपैकी सगळ्यांत शेवटी.

आता तुझी तक्रार. मुख्य भूमिका दुसरीला गेली आणि तुला भूत पाहणारी शेजारीण मिळाली, तीन पानांची. मला विचारशील तर एकांकिका त्या शेजारणीवरच उभी आहे. भूत आहे यावर ती विश्वास ठेवते म्हणून प्रेक्षक ठेवणार. तिचं नाव संहितेत नाही, तर तू मनाशी ठेव. ती दार उघडते तेव्हा गॅसवर काय ठेवून आली आहे ते ठरव. आणि मुख्य म्हणजे, समोर उभ्या असलेल्या त्या मेलेल्या बाईकडून तिला काय वसूल करायचंय? उसनी नेलेली वाटी असेल, न फेडलेले पैसे असतील, एखादी माफी असेल. एकदा ते ठरलं की किंचाळायचं कुठे हा प्रश्नच तुला पडणार नाही. कदाचित किंचाळायची गरजही पडणार नाही. दिग्दर्शकानं हट्ट धरला तर एकदा किंचाळून दाखव, मग तुझ्या पद्धतीनं करून दाखव आणि निवड त्याच्यावर सोड.

उरलेल्या दोनांपैकी 'डेथ शिप' आधी बघ, पिप नंतर, आणि दोन्ही एका रात्रीत नको. मी रविवारच्या तालमीला येतोय. संहितेची एक प्रत माझ्यासाठी काढून ठेव, मोठ्या अक्षरातली.

तुझा,
काका