पावसाळ्यात सेल कल्चरच्या (लॅबमध्ये वाढवलेल्या पेशींच्या) फ्लास्कना सारखी बुरशी लागते. ७०% अल्कोहोलने इन्क्युबेटर (पेशी उबेत ठेवायचं कपाट) पुसला तरी परत येते. काय करावं? (ठाण्यातल्या कॉलेजची लॅब)

आधी ती बुरशीच आहे ना, ते बघा. मीडिया (पेशींचं पोषक द्रावण) एका रात्रीत गढूळ आणि पिवळा पडला तर बहुधा बॅक्टेरिया असतात. बुरशीत मीडिया सुरुवातीला स्वच्छच दिसतो, रंगही फारसा बदलत नाही. मायक्रोस्कोपखाली बारीक फांद्या फुटलेले धागे दिसतात आणि एक-दोन दिवसांत पांढरे पुंजके तरंगायला लागतात. असा फ्लास्क वाचवायच्या फंदात पडू नका, झाकण घट्ट करून थेट ऑटोक्लेव्हच्या (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या) पिशवीत टाका. अँफोटेरिसिन बी हे बुरशीनाशक घालून काम चालू ठेवणं मला अजिबात पटत नाही. ते बुरशीच्या पटलातल्या एर्गोस्टेरॉलला धरतं, पण जास्त झालं की आपल्या पेशींच्या पटलालाही इजा करतं, आणि खरं उगमस्थान झाकलं जातं ते वेगळंच.

पुसूनही जात नाही, कारण ७०% अल्कोहोलने बीजाणू खात्रीने मरत नाहीत. शेल्फ, त्यांचे आधार आणि पाण्याचा ट्रे काढून १२१ अंशांवर २० मिनिटं ऑटोक्लेव्ह करा. आतल्या भिंती, पंख्याचं कव्हर आणि मुख्य म्हणजे दाराच्या रबराच्या घड्या बीजाणूनाशक हायड्रोजन पेरॉक्साइडने पुसा. बुरशी तिथेच दडते. ब्लीच नको. ते स्टील खातं आणि त्याची वाफ पेशींना भोवते. ट्रेमध्ये ऑटोक्लेव्ह केलेलं डिस्टिल्ड पाणीच भरा आणि दर आठवड्याला बदला.

पण बुरशी येते कुठून, हे कळल्याशिवाय साफसफाईला अर्थ नाही. साध्या झाकणाचे ३ फ्लास्क घ्या, पेशी आणि अँटिबायोटिक दोन्ही नकोत. पहिल्यात नव्या बाटलीतला मीडिया, झाकण घट्ट. दुसऱ्यात तोच मीडिया, झाकण थोडं सैल. तिसऱ्यात त्याच मीडियात तुमचं वापरातलं सीरम, ट्रिप्सिन (पेशी सुट्या करणारं एन्झाइम) आणि पीबीएस (पेशी धुवायचं मिठाचं द्रावण) घाला, झाकण घट्ट. तिन्ही आठवडाभर इन्क्युबेटरमध्ये ठेवा. फक्त दुसऱ्यात वाढ झाली तर संशय इन्क्युबेटरच्या हवेवर, फक्त तिसऱ्यात झाली तर वापरातल्या बाटल्यांवर. तिन्हींत झाली तर हूड (गाळलेल्या हवेत काम करायचं कपाट) आणि हाताची पद्धत तपासा: हूड १५ मिनिटं आधी चालू होतो का, जाळीवर सामान रचून हवेची वाट अडवली आहे का, उघड्या बाटलीवरून हात जातो का.

खोलीतले पुठ्ठ्याचे खोके आजच बाहेर काढा. आपल्याकडच्या जुलैच्या दमट हवेत पुठ्ठा ओल धरतो आणि त्यावर बुरशी पोसली जाते. एसीचे फिल्टर धुऊन घ्या. वॉटर बाथमधून काढलेली बाटली कोरडी करून, अल्कोहोलने पुसूनच हूडमध्ये न्या. झाकणाच्या कडेला राहिलेलं पाणी बाटली उघडताना आत जातं.

नवीन सुरुवात लिक्विड नायट्रोजनमधल्या जुन्या, खात्रीच्या व्हायलपासून (गोठवलेल्या पेशींच्या कुपीपासून) करा. तशी नसेल तर पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेमधून सेल लाइन मागवा. पहिले २ आठवडे अँटिबायोटिकशिवाय, बाकी फ्लास्कपासून वेगळी वाढवा आणि त्याच काळात मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म बॅक्टेरियाचा पीसीआर (डीएनए तपासणी) करून घ्या, कारण मायकोप्लाझ्मा साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाही.