टर्नटेबलच्या मोटरमुळे आवाजात खरंच फरक पडतो का? बेल्ट ड्राइव्ह घ्यावा की डायरेक्ट?

पडतो, आणि चांगलाच पडतो. टर्नटेबलची सुई रेकॉर्डच्या खाचेतली अतिसूक्ष्म थरथर वाचते, त्यामुळे मोटरची थरथर तिथवर पोचली तर तीही स्पीकरमधून घुमते. बेल्ट ड्राइव्हमध्ये मोटर बाजूला असते आणि रबरी पट्टा ही थरथर बरीचशी शोषून घेतो. पट्टा सैल पडला की मात्र वेग डळमळतो. पियानोचा लांबलेला सूर ऐका, लगेच कळेल.

डायरेक्ट ड्राइव्हमध्ये प्लॅटर, म्हणजे रेकॉर्ड ठेवायची फिरती तबकडी, थेट मोटरच्याच अक्षावर फिरतो. १९७२ सालचं टेक्निक्स एसएल-१२०० याच जातीचं. वेग पटकन पकडतो, पण मोटर हलक्या प्रतीची असेल तर फिरणं किंचित धक्क्याधक्क्याने होतं. स्वस्तात घ्यायचं तर मी बेल्टच सुचवेन.

अमेरिकेतून कुणी जुनं टर्नटेबल आणून देत असेल, तर आधी मोटर बघा. एसी सिंक्रोनस मोटरचा वेग विजेच्या फ्रिक्वेन्सीवर ठरतो. तिकडे ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. म्हणजे मिनिटाला ३३⅓ ऐवजी जेमतेम २८ फेरे, आणि गाणं रडल्यासारखं वाजणार! ट्रान्सफॉर्मरने फक्त व्होल्टेज बदलतं. वेगासाठी ५० हर्ट्झची पुली, म्हणजे मोटरवरचं पट्टा फिरवणारं चाक, बसवावी लागते.