जमिनीखालच्या खडकात अडकलेलं खनिज तेल मोकळं करायला जीवाणू सोडले, तर ते तेलच खाऊन टाकणार नाहीत का?

तुमची शंका रास्त आहे. काही जीवाणू तेल खातात, पण खोल खडकात ऑक्सिजन नसतो आणि त्याच्याविना हे खाणं इतकं सावकाश चालतं की फरक दिसायला लाखो वर्षं लागतात. शिवाय आपण त्यांना उपाशी सोडत नाही. पाण्याबरोबर मळी आणि नायट्रोजन-फॉस्फरसचे क्षार खाली जातात.

साठ्याचा स्वतःचा दाब संपला, वरून पाणी रेटून झालं, तरी बहुतेक ठिकाणी निम्म्याहून जास्त तेल खालीच राहतं. ते तळ्यासारखं साचलेलं नसतं, खडकाच्या बारीक छिद्रांत थेंबाथेंबानं अडकलेलं असतं. प्रयोगशाळेत आम्ही काचेच्या नळीत वाळू ठासून भरतो, तिच्यात तेल मुरवतो आणि पाणी सोडत राहतो. शेवटी निव्वळ पाणी येतं, वाळू मात्र तपकिरी ती तपकिरीच. मग जीवाणू आणि मळी सोडून दोन्ही तोंडं काही दिवस बंद. पुन्हा पाणी सोडलं की आधी बुडबुडे येतात, आंबूस वास येतो आणि मग तेलाचा थेंब. त्या पहिल्या थेंबासाठी मी अजूनही नळीजवळ खुर्ची ओढून बसते.

थेंब सुटतो कशानं? बॅसिलस सबटिलिस हा जीवाणू सर्फॅक्टिन नावाचा साबणासारखा पदार्थ बनवतो. तो पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे पृष्ठभागाला आकसून धरणारी ओढ, ७२ वरून सुमारे २७ मिलिन्यूटन प्रति मीटरवर आणतो. तेल-पाण्यातला ताणही घसरतो, आणि थेंब चिंचोळ्या वाटेतून निसटतो. क्लॉस्ट्रिडियम हा जीवाणूंचा गट साखर आंबवून वायू, आम्लं आणि द्रावकं तयार करतो. १९५४ साली अमेरिकेत आर्कान्सामधल्या लिस्बन तेलक्षेत्रात हाच गट मळीसह विहिरीत सोडला होता.

माझा जास्त भरवसा मात्र वेगळ्याच करामतीवर आहे. पाणी कायम सोप्या वाटेनं पळतं. खाद्यही त्याच वाटेनं जातं, म्हणून जीवाणू तिथेच माजतात, चिकट थर धरतात आणि ती वाट बुजते. मग पाण्याला आजवर न शिवलेल्या भागाकडे वळावंच लागतं.

खारटपणा आणि उष्णता फार असेल तर हे जमत नाही. खरी भीती सल्फेटवर जगणाऱ्या जीवाणूंची. खाद्य त्यांच्या तोंडी पडलं तर हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, जो विषारी असतो आणि पाइप कुरतडतो. म्हणून अनेकदा पाण्यात नायट्रेट मिसळतात. नायट्रेटवर जगणारे जीवाणू त्याच अन्नावर आधी ताव मारतात आणि सल्फेटवाल्यांची उपासमार होते.