ग्रहण, अधिक्रमण की पिधान?

'तप्त गुरू' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या परग्रहांच्या (म्हणजे दुसऱ्या ताऱ्यांभोवती अगदी जवळून फिरणाऱ्या, गुरूसारख्या मोठ्या आणि तापलेल्या ग्रहांच्या) वातावरणाबद्दल वाचताना एका वाचकाला प्रश्न पडला आहे : ग्रह ताऱ्यासमोरून जातो त्याला कुणी 'ग्रहण' म्हणतं, कुणी 'अधिक्रमण', आणि मध्येच 'पिधान'ही भेटतं. हे सगळं एकच का?

एकच नाही. या विषयात तर ही गल्लत मुळीच चालणार नाही, कारण अधिक्रमण आणि पिधान या शब्दांमागे निरीक्षणाच्या दोन वेगळ्या पद्धती आहेत.

अधिक्रमण म्हणजे लहान दिसणारं बिंब मोठ्या बिंबावरून सरकत जाणं. २००४ आणि २०१२ साली शुक्राचं अधिक्रमण झालं, तेव्हापासून हा शब्द अनेकांच्या कानावरचा आहे. १७६१च्या अधिक्रमणात शुक्राच्या कडेशी दिसलेल्या प्रकाशावरून रशियन शास्त्रज्ञ लोमोनोसोव्ह यांनी तिथे वातावरण असल्याचं अनुमान काढलं होतं. परग्रहाची कडा अशी डोळ्यांना दिसत नाही, ती प्रकाशाच्या हिशेबातून काढावी लागते. एचडी २०९४५८ बी हा ग्रह साडेतीन दिवसांत ताऱ्याभोवती फिरतो. त्याच्या अधिक्रमणात ताऱ्याचा प्रकाश सुमारे दीड टक्क्याने घटतो, आणि उरलेल्यातला अगदी थोडा ग्रहाच्या कडेवरच्या वायूंमधून गाळून येतो. तिथले सोडियमचे अणू ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा पिवळा प्रकाश शोषतात. त्यामुळे नेमक्या त्या रंगात ग्रह किंचित मोठा भासतो आणि घट कणभर वाढते. हबल दुर्बिणीने ही कणभर वाढ टिपली. परग्रहाच्या वातावरणाचा तो पहिला पुरावा, २००१ साली जाहीर झालेला. २०२२मध्ये जेम्स वेब दुर्बिणीला वास्प-३९ बी या ग्रहावर कार्बन डायऑक्साइड सापडला तोही अधिक्रमणातूनच, फक्त अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या तांबड्यापलीकडच्या प्रकाशात.

पिधान याच्या उलट : ग्रह ताऱ्यामागे दडतो. 'अपि' आणि 'धा' यांपासून 'अपिधान', म्हणजे झाकणं. अमरकोशात, म्हणजे संस्कृतच्या जुन्या शब्दकोशात, अपिधान आणि पिधान ही दोन्ही रूपं एकाच ओळीत आहेत. चंद्राने शुक्र झाकला की आपण 'पिधान युती' म्हणतो, तोच हा शब्द. दडण्याआधी आपल्यापर्यंत तारा आणि ग्रहाची तापलेली बाजू या दोघांचा प्रकाश येतो, दडल्यावर फक्त ताऱ्याचा. वजाबाकी केली की ग्रहाचा स्वतःचा प्रकाश हाती लागतो, आणि त्यावरून त्या बाजूचं तापमान. स्पिट्झर दुर्बिणीने २००५ साली हे करून दाखवलं. मला स्वतःला ही वजाबाकी सोडियमच्या शोधाहूनही सुंदर वाटते.

घोळ होतो तो षष्ठीमुळे, म्हणजे 'चा-ची-चं'मुळे. 'ग्रहाचं अधिक्रमण' यात ग्रह कर्ता आहे, तो ओलांडतो. 'ग्रहाचं पिधान' यात ग्रह कर्म आहे, तो झाकला जातो. 'ग्रहण' या बाबतीत पिधानाच्या बाजूचा : सूर्यग्रहणात सूर्य झाकला जातो, चंद्रग्रहणात चंद्र. म्हणजे समोरून जाणाऱ्या ग्रहाला 'ग्रहाचं ग्रहण' म्हटलं, तर अर्थ नेमका उलटा होतो. 'ताऱ्याचं ग्रहण' म्हणावं, तर व्याकरण जमतं, पण दीड टक्का झाकण्याला ग्रहण म्हणणं कानाला पटत नाही.

'संक्रमण'ही काही जण वापरतात. ते मकरसंक्रमणात आणि रोगसंसर्गात आधीच गुंतलेलं आहे, म्हणून इथे नको.

लिहिताना 'ताऱ्यावरून ग्रहाचं अधिक्रमण' आणि 'ताऱ्यामागे ग्रहाचं पिधान' असं लिहावं. 'वरून' आणि 'मागे' गाळू नयेत.